मलावीला गेलेल्या मावशी

मावशींनी माझ्या तोंडाकडे नीट बघितल्याचं मला आठवत नाही. अकरा वर्षं आम्ही एका दवाखान्यात काम केलं, तरी नारायणगावच्या बाजारात मी त्यांच्यापुढे उभी राहिले की त्या आधी खाली बघायच्या आणि मग म्हणायच्या, "शिस्टर व्हय." माणूस ओळखायचा तो पायावरून, हा त्यांचा नियम. "तोंडाला पावडर लावता येती, टाचंला कोण लावतंय?" असं त्या म्हणायच्या. सकाळी पावडर लावून ड्यूटीवर येणाऱ्या मला ते बरोबर वर्मी लागायचं.

आमच्या चर्चला नवे पाळकसाहेब आले तेव्हाची गोष्ट. चर्चमध्ये आम्ही सगळे चपला दाराशी काढून आत जातो, पाळकसाहेबही. त्यामुळे रविवारी अनवाणी उपदेश करणारे पाळकसाहेब मावशींच्या चांगले ओळखीचे झाले. पण सोमवारी बूट घालून दवाखान्यात पेशंटसाठी प्रार्थना करायला येणारे गृहस्थ वेगळे, असं त्या महिनाभर धरून चालल्या होत्या. एकदा त्यांनाच म्हणाल्या, "पावणं, तुमी रविवारी चर्चला येत जा की. आमचं पाळकसाहेब लई छान बोलत्यात." पाळकसाहेब घरी जाऊन बायकोला सांगत हसले म्हणे. मला हसू आलं नाही. असं वेडगळ बोलून सगळ्यांचं लाडकं होणं मला कधी जमलं नव्हतं.

आमचा मिशन दवाखाना छोटा. बारा खाटा, एक डॉक्टर, मी हेड सिस्टर, आणि ड्रेसिंगच्या खोलीत मावशी. कागदोपत्री त्या आया. शिक्षण चौथी. मी पुण्याच्या होस्टेलमध्ये राहून नर्सिंग केलेली, इंग्रजी बोलणारी, इस्त्रीचा युनिफॉर्म घालणारी. पेशंट मात्र जीपमधून उतरले की माझ्या टेबलावरून सरळ पुढे जायचे आणि विचारायचे, "मावशी हायेत का?"

त्यांची ड्रेसिंगची पद्धत अशी. पेशंटला खुर्चीवर बसवायचं आणि आपण खाली फरशीवर बसायचं. पायाला हात लावायच्या आधी त्याची चप्पल मागून घ्यायची. चपलेत हात घालून, डोळे मिटून, बोटांनी आतला भाग चाचपायचा. कुठे खड्डा पडलाय, कुठे खिळा वर आलाय, कुठली कड झिजलीय. मग ती चप्पल ठोकून, कापून, आत रबराचा तुकडा चिकटवून सारखी करायची, आणि त्यानंतर जखमेकडे वळायचं. एका पेशंटला पाऊण तास. मी दारात जाऊन म्हणायची, "मावशी, बाहेर बारा जण बसलेत."

"बसू द्या. बसल्यावर पायाला आराम पडतो."

बोरी बुद्रुकचा एक टोमॅटोवाला शेतकरी होता. साखरेचा आजार, अंगठ्याला जखम, चार महिने काही केल्या भरत नव्हती. मी त्याला वेळच्या वेळी इंजेक्शनं दिली, रोज साखर तपासली, पथ्य लिहून दिलं. मावशींनी त्याच्या बुटात हात घातला आणि टोमॅटोच्या लाकडी खोक्याला मारतात तसली एक चूक, म्हणजे बारीक खिळा, बाहेर काढली. पायाला संवेदनाच नव्हती, त्यामुळे तो तिच्यावर चार महिने चालत होता. जखम भरली. तो द्राक्षांची पेटी घेऊन आला आणि ती ड्रेसिंगच्या खोलीत नेऊन ठेवली. मावशींनी त्यातला एक घड मला आणून दिला. तो मी खाल्ला, गोड होता, आणि मला तो अजिबात गोड लागू नये असं वाटत होतं.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. मला मावशींचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नव्हे, पोटात दुखेपर्यंत.

चर्चमध्ये त्या सगळ्यात मागे, दाराला लागून बसायच्या. लोकांना वाटे, केवढी नम्रता. खरं कारण मला माहीत होतं. पाळकसाहेबांनी लांबलचक प्रार्थना सुरू केली, सगळ्यांच्या माना खाली गेल्या, डोळे मिटले की मावशी हळूच उठून बाहेर जायच्या आणि दाराशी काढलेल्या चपला एकेक उचलून तपासायच्या. "आमेन" व्हायच्या आत परत जागेवर. मग दुसऱ्या दिवशी कुणाला तरी निरोप जायचा की तुमची डावी टाच एका अंगाला झिजतीया, गुडघा दाखवून घ्या. आणि गुडघा खरंच दुखत असायचा. मी एकदा त्यांना सुनावलं की प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटावेत. त्या म्हणाल्या, "तुमचं उघडं व्हतं म्हणून तर मी दिसले ना."

माझं एकच स्वप्न होतं, परदेशी सेवेला जायचं. लहानपणी होस्टेलमध्ये बाहेरदेशी जाऊन आलेल्या एक सिस्टर आम्हाला तिथल्या गोष्टी सांगायच्या, तेव्हापासूनचं. मी पासपोर्ट लग्नाआधीच काढून ठेवला होता. त्याची मुदत संपली, नवा काढला. दोन्ही कोरे. त्यामुळे पुण्याच्या चर्चांनी मिळून आफ्रिकेत मलावीला स्वयंसेवकांचा गट पाठवायचं ठरवलं, तीन आठवडे, तिथल्या खेड्यातल्या एका मिशन दवाखान्यात, आणि आमच्या चर्चमधून एकच माणूस घेणार, असं पाळकसाहेबांनी जाहीर केलं तेव्हा सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी लाजल्यासारखं करून खाली बघितलं. मनात मात्र मी विमानात बसले होते.

तीन दिवसांनी मावशी माझ्या टेबलाशी आल्या. हातात तोच फॉर्म.

"डागदरसाहेब म्हणले तुमीबी भरा. मला विंग्रजी कुठं येतंय. तुमी लिहिता का?"

चर्चमधल्या निम्म्या पोरांचे फॉर्म मीच भरलेले. कुणी दोन शब्द सांगितले तर मी त्याचे दहा करून, सजवून लिहायची. मावशींचा फॉर्म मी समोर ओढला आणि ठरवलं, या जे बोलतील तेच लिहायचं. एक शब्द जास्त नाही. म्हटलं तर प्रामाणिकपणा. पण मला आतून नीट माहीत होतं, तो कशासाठी आहे.

"आधी कुठे परदेशी गेलात का, असं विचारलंय."

"नाशिक."

"नाशिक परदेश नाही, मावशी."

"मला परदेशच वाटला त्यो. कुणी वळखीचं नव्हतं."

मी नाशिक लिहिलं. भाषा कोणत्या येतात? मराठी, आणि टीव्हीवरची हिंदी. तेही लिहिलं. शेवटचा प्रश्न मोठा होता, तुम्हाला या सेवेला का जायचं आहे. त्याला अर्धं पान मोकळं सोडलं होतं. मावशींनी टेबलाखाली माझ्या पायांकडे बघत विचार केला.

"मला जावंसं वाटत न्हाई. हितं काय कमी पाय हायेत? पण डागदरसाहेब म्हणले तिथली मानसं लई चालत्यात, अन् पायात कायबी घालत्यात. मग पाय फुटत असत्याल. पाठवलं तर बघून यीन. न्हाई पाठवलं तर राग न्हाई."

मी ते जसंच्या तसं इंग्रजीत उतरवलं. चार ओळी. अर्ध्या पानावर त्या अगदीच केविलवाण्या दिसत होत्या. मावशींनी अंगठ्याऐवजी सही केली, तिला पाच मिनिटं लागली. माझं स्वतःचं उत्तर दोन जादा पानं जोडून लिहिलेलं होतं. त्यात नम्रता हा शब्द चार वेळा आला होता, मी नंतर मोजला.

पुढच्या महिन्यात पत्र आलं. पाळकसाहेबांनी ते रविवारी वाचून दाखवलं. मावशींची निवड झाली होती. निवड करणाऱ्यांनी लिहिलं होतं की आलेल्या सगळ्या अर्जांत एवढं साधं, खरं उत्तर दुसरं नव्हतं. मग पाळकसाहेबांनी ते उत्तर इंग्रजीतून वाचलं आणि मराठीत सांगितलं. दोन बायकांनी डोळ्यांना पदर लावला. मी आपलंच इंग्रजी ऐकत बसले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दोन गोड वाक्यं मी माझ्या मनची घातली असती तर त्यांचा फॉर्म बाकीच्या शंभरांसारखा झाला असता.

त्यानंतर सगळं मलाच करावं लागलं. पासपोर्टच्या फोटोला त्या काही केल्या वर बघेनात. फोटोग्राफरच्या पायात दोन वेगवेगळे मोजे होते, त्यावर त्यांची नजर अडकली होती. चौकशीला पोलीस घरी आला तर त्याला बूट काढायला लावून त्याच्या कुरुपावर मलम लावून पाठवलं. पुण्याला पासपोर्टच्या ऑफिसात मीच बरोबर गेले. रांगेत लोक विचारायचे, "कोण जातंय, मॅडम, तुम्ही का?" आणि मी दरवेळी मावशींकडे बोट करायची. त्या खिडकीतल्या बाईला सांगत होत्या की उंच टाचांनी कंबर जाते.

आता चपलांची गोष्ट, जी आमच्या भागात अजून सांगतात. मलावीला नेण्यासाठी मावशींना चपला हव्या होत्या. तिथे दुरुस्त करून वाटायच्या, असा त्यांचा बेत. पाळकसाहेबांनी जाहीर केलं, "पुढच्या रविवारी ज्यांना द्यायच्या असतील त्यांनी जास्तीच्या चपला आणून दाराशी ठेवाव्यात." बोलताना त्यांच्या लक्षात आलं नाही, ऐकताना आमच्याही नाही, की आमच्या चर्चमध्ये दाराशी चपला ठेवल्याशिवाय कुणी आतच येत नाही.

तो निरोपाचा रविवार. एप्रिलचं ऊन. पाळकसाहेबांनी मावशींसाठी प्रार्थना सुरू केली. विमानासाठी केली, समुद्रासाठी केली, मग एकेका खंडासाठी केली. मावशी सवयीने उठून बाहेर गेल्या. सामानाची जीप दाराशी उभी होती. बारापर्यंत पोती पुण्याला पोचवायची होती, तिथून सगळ्या चर्चचं सामान एकत्र बांधून मुंबईला जायचं होतं. आम्ही "आमेन" म्हणून बाहेर आलो तर दाराशी एकही चप्पल नव्हती. साठ-सत्तर माणसं पायरीवर उभी, खाली तापलेलं डांबर, आणि जीप गेलेली. ड्रायव्हरला फोन लावला, त्यानं उचलला तेव्हा तो पेठच्या पुढे घाट उतरून गेला होता. परत फिरला तर बाराची वेळ चुकणार होती, आणि पुण्यात पोचल्यावर बाकीच्या चर्चच्या पोत्यांत आमची पोती मिसळून गेली.

मावशींना काही वावगं वाटलंच नाही. "म्हणलं, मंडळीनं लई दिलं," त्या म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष खाली गेलं. साठ-सत्तर माणसांचे उघडे पाय एका ओळीत. अशी पर्वणी त्यांना आयुष्यात मिळाली नसेल. "पाळकसाहेब, तुमच्या टाचा किती फुटल्यात वो. रोज राती तेल लावा." पाळकसाहेब लांब पांढऱ्या झग्यात चवड्यांवर उड्या मारत सावलीकडे गेले.

त्या पोत्यात माझे सँडल होते. मलावीसाठी मी आधीच घेऊन ठेवलेले. मऊ तळव्याचे, मागून पट्टा असलेले, विमानतळावर खूप चालावं लागतं म्हणून. त्या रविवारी मी ते मुद्दाम घातले होते, मला काही वाटत नाही हे लोकांना दिसावं म्हणून. मावशी माझ्याजवळ आल्या, माझा हात धरला.

"तुमचे नवे सँडल मी वळखले, शिस्टर. म्हणलं, कुणाचं मन एवढं मोठं असतं?"

"असू द्या, मावशी," मी म्हणाले. मी घरी अनवाणी गेले आणि पाय पाण्यात घालून रडले. पाय भाजले म्हणून, असं घरच्यांना सांगितलं.

तीन आठवडे व्हॉट्सॲपवर फोटो येत राहिले. मावशी लाल मातीत फतकल मारून बसल्यात, मांडीवर एक काळा कुळकुळीत पाय, हातात त्याची चप्पल, डोळे मिटलेले. भोवती पन्नास माणसं. फोटोखाली गटाच्या प्रमुखांनी लिहिलं होतं, इथले लोक यांना अमायी म्हणतात, म्हणजे आई. एका फोटोत एक बाई डोक्यावर बादली घेऊन उभी होती, पायात माझे सँडल. मी तो फोटो बोटांनी मोठा करून बघितला. तिला ते छान बसले होते.

इकडे ड्रेसिंगची खोली माझ्याकडे आली. मी ठरवलं होतं की काम शास्त्राप्रमाणे, चटचट करून दाखवायचं. तासाला आठ पेशंट. पट्टी अशी सरळ की बघत राहावं. भीमाशंकरच्या बाजूची, भातखाचरात राबणारी एक आजी यायची, तळपायाला जखम. मावशी गेल्या तेव्हा ती भरत आली होती. माझ्या स्वच्छ पट्टीखाली ती पुन्हा उघडली. तिसऱ्या वेळी आजी म्हणाली, "मावशी चप्पल बघायच्या, बाई."

"जखम पायात आहे, आजी, चपलेत नाही."

मी असं म्हणाले. मला माहीत नव्हतं असं नाही. अकरा वर्षं मी दारात उभी राहून बघत आले होते. चपलेत हात घालायला पाहिजे हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि ती मावशींची पद्धत म्हणून मी घातला नाही. आजी लंगडत गेली तेव्हा मला माझीच लाज वाटली. मी तिला हाक मारून परत बोलावलं, टायरची चप्पल मागितली. आत बाभळीचा अर्धा काटा मोडून बसला होता. तो काढून मी खिशात टाकला आणि हे कुणाला सांगितलं नाही.

मावशी परत आल्या. आमच्याकडे रीत आहे, कुणी लांबच्या सेवेहून आलं की चर्चमध्ये उभं राहून साक्ष द्यायची, काय बघितलं, देवानं काय दाखवलं ते सांगायचं. त्या दिवशी चर्च भरून गेलं होतं. लोकांना सिंह, हत्ती, ते मोठं सरोवर ऐकायचं होतं. मावशी उभ्या राहिल्या.

"तिथलं पाय हितल्यावानीच हायेत. आपल्यापरीस जास्त चालत्यात. जाताना जे सामान दिलंत ते समद्यांच्या पायात बसलं. बसते मी."

आणि बसल्या. माझा अगदी तिळपापड झाला. एवढं मोठं जग एका बाईच्या पदरात पडावं आणि तिनं तीन वाक्यांत ते झटकून टाकावं. मी गेले असते तर तासभर बोलले असते, पडद्यावर फोटो दाखवले असते, लोक हलले नसते.

पुढच्या वर्षी तिकडूनच निरोप आला, त्याच बाईंना पाठवा. मावशींनी पाळकसाहेबांना सांगितलं की मी जात न्हाई, शिस्टरांना पाठवा. मला कळलं तेव्हा मी तडक ड्रेसिंगच्या खोलीत गेले.

"माझं नाव कशाला सांगितलंत?"

त्या कुणाची तरी चप्पल ठोकत होत्या. "तुमची चप्पल पुढनं झिजती. निघायची घाई असती त्याची तशी झिजती. मी लई वर्सं बघतीया."

"मग गेल्या वर्षी का नाही बोललात?"

"तुमीच माझा फारम भरून दिलात की. म्हणलं, शिस्टरांनी इचार बदलला आसंल." हातातली चप्पल त्यांनी उलटी करून बघितली. "न्हाईतर कोण असं भरून देतंय?"

जायला नकार द्यावा, असंही क्षणभर मनात आलं. पण मी गेले. मिळालेलं सोडण्याइतकी मी मोठी नाही.

मुंबईहून अदिस अबाबा, तिथून मलावी. आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते सगळं झालं. पासपोर्टवर शिक्का पडला, तो मी तीनदा उघडून बघितला. शेवटी एका गाडीतून चार तास लाल मातीच्या रस्त्याने आम्ही त्या दवाखान्यात पोचलो. आंब्याच्या झाडाखाली माणसं ओळीनं बसली होती, पाय पुढे पसरून. मी पांढरा युनिफॉर्म गाडीतच नीट केला आणि उतरले. कुबडी घेतलेला एक म्हातारा सगळ्यांच्या आधी उठून पुढे आला. त्यानं दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि मला अमायी म्हणाला. तिथे कुठल्याही बाईला तसंच म्हणतात, हे मला तेव्हा कळलं, आणि वर्षभर त्या एका शब्दावर आपण किती जळलो ते आठवून मला बरं वाटलं. इतकं बरं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

मग तो माझ्या खांद्यावरून गाडीत डोकावून बघायला लागला. ड्रायव्हरला काहीतरी बोलला. ड्रायव्हरनं मला इंग्रजीत सांगितलं, "तो विचारतोय, त्या अजून उतरल्या नाहीत का?"

"सांग, त्या आल्या नाहीत. मी आलेय."

ड्रायव्हरनं सांगितलं. म्हाताऱ्यानं अदबीनं मान हलवली आणि आपल्या जागेवर जाऊन बसला. मी त्याच्यापुढे मातीत बसले. त्याची चप्पल मागून घेतली, आत हात घातला, नीट चाचपली. मग त्याचा पाय मांडीवर घेऊन पट्टी सोडायला लागले. पाय माझ्या हातात होता आणि तो अजून गाडीच्या उघड्या दाराकडे बघत होता.